टर्बोचा ताप

आमच्या घरात ट्रक बायको चालवते आणि तोंड मी चालवतो. ही वाटणी गेली सहा वर्षं सुरळीत चालू होती. बिघडली ती माझ्यामुळे, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचं सांगायला मोकळा.

बायको म्हणजे सारिका. बेडश्यात, लेण्यांच्या डोंगराखाली आमचं घर. घरामागे वीस गुंठ्यांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आणि दारात माल गार ठेवणाऱ्या बंद डब्याचा चौदा फुटी टर्बो डिझेल ट्रक. आसपासच्या अकरा गुलाबवाल्यांचा गट आहे, त्यांचा माल मुंबईच्या विमानतळावर पोचवायचं काम सारिकाकडे. येताना ती तिकडून पॉलिहाऊससाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, विटा भरून आणते. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क आहे. तिथे लोखंड भट्टीत घालून कडक करतात. (मी करत नाही. मी रजिस्टरात सह्या घेतो. पण अठरा वर्षं भट्टीशेजारी बसलं की माणसाला आपणही थोडे कडक झालोय असं वाटायला लागतं.)

जानेवारीतल्या एका रात्री जेवताना सारिका सहज म्हणाली, "खाली जाताना काही वाटत नाही. पण भरलेली गाडी घेऊन घाट चढायला लागलं की ती दम खाते, मागनं काळाकुट्ट धूर. गोरख म्हणतो, टर्बो तापत असेल. आत किती तापतंय ते कुणाला दिसतंय?"

"दिसतं," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. तो मी भाकरीच्या घासाबरोबर गिळला असता तर ही गोष्ट घडली नसती.

"काय दिसतं?"

"तापमान. थर्मोकपल लावायचं. आमच्या भट्टीला असतं तसं. एक काडी असते, तिचं टोक तापलं की मीटरवर आकडा येतो. इंजिनातला जळका धूर टर्बोच्या पंख्यात शिरतो ना, त्याच्या अलीकडे मॅनिफोल्डला, म्हणजे धुराच्या नळीला, एक भोक पाडायचं, त्यात काडी बसवायची, वायर केबिनमध्ये आणायची. आकडा सातशेच्या वर गेला की पाय उचलायचा. टर्बो वाचला."

आई, म्हणजे कस्तुराबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी गाडीच्या काखंत थर्मामीटर."

"अगदी बरोबर!"

सारिकाला मात्र माझ्या एवढ्या भाषणातला एकच शब्द ऐकू आला होता. "भोक?"

"छोटंसं."

"अहो, फेब्रुवारीचा पहिला आठवडा तोंडावर आलाय. चौदा तारखेसाठी सगळ्या जगाला गुलाब पाहिजे असतात आणि तुम्ही माझ्या गाडीला भोक पाडणार?"

"टर्बो घाटात जळला तर सगळं जग काय करील?"

हा मुद्दा तिला लागला. अकरा घरांची वर्षभराची मेहनत त्या आठ दिवसांत त्या एका ट्रकमधून जाते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं थोडा विचार केला आणि अट घातली. "भोक गोरखला विचारून पाडायचं. आणि सोमवारी सकाळी नऊला गाडी मला चालू पाहिजे. नऊ म्हणजे नऊ."

गोरख म्हणजे तिचा इंदुरीचा चुलत भाऊ. कामशेतला त्याचं गॅरेज आहे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो गाडीचा आजार सांगतो. त्याला विचारून काम करायचं म्हणजे माझ्या थर्मोकपलच्या अनुभवाचा अपमानच होता. माझ्या हातून आजवर चार हजार थर्मोकपल गेलेत. (रजिस्टरातून. पण गेलेत.)

मीटर आणि काडी ऑनलाइन मागवली, ती शनिवारी आली. रविवारी सकाळी सारिका गटाच्या कोल्डरूमवर पॅकिंगला गेली आणि मी अंगणात ट्रकची केबिन पुढे कलवून, ड्रिल मशीन घेऊन, स्टुलावर उभा राहिलो. गोरखला व्हिडिओ कॉल केला. तो इंदुरीला भावकीतल्या लग्नात होता. फोनच्या पडद्यावर त्याचं अर्धं कपाळ, मागे मांडव, आणि त्याच्याही मागे बँड.

"गोरख, भोक पाडतोय."

"पाडा दाजी. पर इंजिन चालू ठिवून पाडा. चुरा आत गेला तर टर्बोचं पातं खाईल. चालू असलं की धूर त्यो चुरा भायेर फेकतो."

"बरं."

"आन बिटाला ग्रीस लावा. चुरा ग्रीसला चिकाटला पायजे."

"ग्रीस संपलंय."

"क्काय?" बँडनं नेमकी तेव्हाच उचल खाल्ली होती.

"ग्रीस नाहीये! तूप चालेल का? तूप!"

"तूप?" गोरखनं मान वळवली आणि जोरात ओरडला, "तूप वाढा! हां हां, तूप वाढा! भरपूर वाढा!"

आता यावर माणसानं काय समजावं? मी घरात गेलो. आईनं आदल्याच दिवशी कढवलेलं म्हशीचं तूप बरणीत गोठून बसलं होतं. त्यातलं वाटीभर काढलं, बिटाला लावलं आणि उरलेलं, गोरखनं भरपूर म्हटलं होतं म्हणून, मॅनिफोल्डवरही थापलं.

(नंतर कळलं की मांडवात गोरखकडे पंगतीची जबाबदारी होती आणि शेवटच्या रांगेत मसालेभातावर तूप पोचलं नव्हतं.)

इंजिन चालू केलं. ड्रिल लावलं. मॅनिफोल्ड बिडाचं असल्यामुळे भोक भसाभस पडत गेलं आणि मी मनाशी म्हणालो, अमृतराव, उगीच अठरा वर्षं सह्या घेण्यात घालवली. तेवढ्यात बिट आरपार गेलं.

शिट्टी उडालेला कुकर कुणी पाहिला असेल तर त्यानं तो डोळ्यांसमोर आणावा, आणि कुकरच्या जागी चार सिलिंडरचं डिझेल इंजिन ठेवावं. फर्रर्र करून काळा धूर, त्यात बिडाचा चुरा आणि त्यात पातळ झालेलं तूप, असं सगळं मिश्रण माझ्या तोंडावर आलं. स्टूल तिथेच राहिलं, मी खाली आलो. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. उजवीकडची मिशी डावीकडच्या मिशीपेक्षा त्या दिवसापासून आखूड आहे.

पण वास! तापलेल्या मॅनिफोल्डवर पाव किलो म्हशीचं तूप. अख्ख्या आळीत बेसन भाजल्यासारखा घमघमाट सुटला. शेजारच्या झुंबरबाई लुगड्याला हात पुसत कुंपणाशी आल्या.

"कस्तुराबाई, लाडू कशाचं वळताय वं? कार्य हाय का काय?"

आई बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, स्टुलाखाली पडलेली रिकामी वाटी पाहिली.

"लाडू न्हाईत," ती म्हणाली. "आमच्या अमृतनं गाडीला फोडणी दिलीया."

त्यानंतर ती तुपाची बरणी उशाशी घेऊन झोपते असं नाही, पण फडताळाला कुलूप आलं.

पुढचं काम तसं सोपं होतं. इंजिन तसंच चालू ठेवून भोकाला आटे पाडले, काडी घट्ट बसवली, वायर केबिनमध्ये ओढून घेतली. वायरीला दोन टोकं, एक पिवळं आणि एक लाल. मीटरच्या मागे दोन स्क्रू, एक प्लस, एक मायनस. माहितीचा कागद बारीक अक्षरांत होता आणि माझा चष्मा तुपात. पण कागद लागतो कुणाला? लाल म्हणजे प्लस. बॅटरी असो, टॉर्च असो, लाल म्हणजे प्लस, हे लहान मूलही सांगेल. जोडली.

संध्याकाळी सारिका परत आली तेव्हा मी आंघोळ करून, उरलेल्या मिशीला कंगवा मारून तयार होतो. आई, झुंबरबाई आणि आसपासची चार माणसं जमली होती. मी किल्ली फिरवली. मीटरवर लाल आकडा उजळला. एकतीस.

"हे हवेचं तापमान," मी जाहीर केलं. "आता इंजिन सुरू केल्यावर बघा कसं चढतं."

इंजिन सुरू केलं. एकतीसचे चोवीस झाले. चोवीसचे दहा. मग शून्य. मग आकड्याच्या पुढे एक छोटी रेघ आली आणि आकडा उलटा पळत मायनस साठवर जाऊन थांबला.

जमलेली माणसं मीटरवर वाकली.

"हे काय?" सारिकानं विचारलं.

"मायनस साठ."

"इंजिनात?"

"सुरुवातीला असं दाखवतो," मी म्हणालो. "नवा आहे. सेटिंग व्हायला वेळ लागतो." (अठरा वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. काही कळलं नाही की सेटिंगवर ढकलायचं.)

आई पुढे झाली, तिनं मीटरकडे निरखून पाहिलं. "सारिके, फुलास्नी किती थंड लागतं गं?"

"चार डिग्री."

"मंग ती कोल्डरूम कशाला पोसताय? इंजिनातच ठिवा की फुलं."

सारिका हसली नाही, हे मला जास्त लागलं. तिनं कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला, एकदा रेस केली, भोकाच्या जागी हात नेऊन गळती नाही ना पाहिलं. "गाडी चालतीये ना? मग तुमचा आकडा काय यायचाय तो येऊ दे. मला उद्या तीनच्या आत माल पोचवायचाय."

आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. सोमवारी मी रजा टाकली आणि वही-पेन घेऊन तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. मागे दोनशे दहा बॉक्स लाल गुलाब. साडेनऊला निघालो. कामशेतच्या रस्त्यावर मी एक नियम शोधून काढला. सारिकानं पाय दाबला की आकडा खाली जायचा, पाय उचलला की वर यायचा. मी वहीत लिहिलं: 'रेस वाढली की इंजिन थंड होते.' आजवर हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटत होतं.

हायवेला लागून गाडीनं वेग घेतला तसा आकडा गेला आणि त्या जागी इंग्रजीतली तीन अक्षरं आली. एल, एल, एल.

"आता हे काय?"

"लो, लो, लो," मी अंदाज केला. "म्हणजे फार फार थंड."

"लय लय लय असंल," सारिका म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या ओठांवर थोडंसं हसू दिसलं आणि मला जरा हुरूप आला.

लोणावळा गेलं, खंडाळा गेलं, घाटाचा उतार सुरू झाला. सारिकानं खालचा गियर टाकला, पाय उचलला आणि गाडी इंजिनावर रोखून धरली. ती घाट उतरते तेव्हा बघत राहावं असं असतं; ब्रेकला पायही फारसा लावत नाही. पण मी बघत नव्हतो. मी मीटर बघत होतो. तीन एल गेले. मायनस नव्वद आलं. मायनस सत्तर. मायनस पंचावन्न.

"सारिका, वाढतंय!"

"काय वाढतंय?"

"तापमान! मायनस चाळीस! अगं, एकदम वाढतंय! रेस कर!"

"काय?"

"रेस कर, म्हणजे थंड होईल! पाय दाब!"

"घाट उतरताना? दोनशे दहा बॉक्स घेऊन? पुढं कंटेनर दिसत नाही का तुम्हाला?"

"टर्बो जळेल! मायनस तीस! थांब! गाडी बाजूला घे!"

मी तिचा हात धरला नाही, हे मी शपथेवर सांगतो. मी फक्त हँडब्रेककडे पाहिलं. पण ते तिनं पाहिलं. गाडीत असा माणूस बसलेला असताना घाट उतरण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा विचार करून पुढच्या मोकळ्या जागेत तिनं गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावले आणि खाली उतरून टायरला दगड लावला. सगळं शांतपणे. माझी बायको शांतपणे काही करायला लागली की मला आकड्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

पाच मिनिटांत महामार्गावरच्या गस्तीची गाडी आली. त्यातून एक हवालदार उतरले.

"काय झालं? गाडी गरम झाली?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मायनस तीस."

"काय?"

"आधी साठ होती. मायनस. आता तीस झालीये. मायनसच. पण वाढतेय."

हवालदारांनी माझ्या मिशीकडे पाहिलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग सारिकाकडे वळले. "ताई, गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग हे?"

"हे मीटर चालवतात."

"दहा मिनिटांत जागा मोकळी करा," ते म्हणाले. ते तिला म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी नीट केली.

मी सुश्रुतला फोन लावला. सुश्रुत हा आमच्या कारखान्यातला मीटरं बघणारा तंत्रज्ञ, तळेगावचाच, वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याचा मोबाईल बंद. आमच्याकडे कामाच्या शेडमध्ये मोबाईल चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो. मग स्टोअरच्या फोनवर लावला. तो वाजत राहिला. दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्यांदा मला आठवलं की स्टोअरचा फोन उचलायचं काम माझं आहे, आणि मी रजेवर आहे.

शेवटी गेटवर फोन केला. रखवालदार सुश्रुतला शोधून आणेपर्यंत सारिका ट्रकच्या मागचं दार किंचित उघडून आत हात घालून फुलं गार आहेत ना बघत होती. ते बघताना तिचा चेहरा मला दिसला. ती माझ्यावर चिडली होती म्हणून नव्हे, तर अकरा घरांना संध्याकाळी काय तोंड दाखवायचं या विचारानं तो तसा झाला होता. तेव्हा मात्र मला माझी वही कुठेतरी दरीत फेकावीशी वाटली.

"बोला अमृतराव," फोनवर सुश्रुत.

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लाल वायर कुठे जोडलीत?"

"प्लसला. अर्थातच."

पलीकडे त्यानं कपाळावर हात मारलेला मला फोनमधून ऐकू आला.

"अमृतराव, थर्मोकपलमध्ये लाल मायनस असते."

"असं कसं असेल?"

"अठरा वर्षं ते तुम्ही आम्हाला मोजून देताय. एखादं उघडून बघायचं होतं."

स्क्रूड्रायव्हर घेऊन मी वायरी उलट केल्या. दोन स्क्रू, तीन मिनिटं. सारिकानं इंजिन सुरू केलं. आकडा शहाण्यासारखा वर चढला आणि एकशे दहावर स्थिर झाला. तिनं टायरचा दगड काढला आणि गाडी रस्त्याला घेतली. खोपोली मागे पडली. पनवेलला वाहतूक तुंबली होती. विमानतळाच्या मालाच्या गेटवर पोचलो तेव्हा तीनला सहा मिनिटं बाकी होती. तिथल्या माणसानं एका बॉक्समध्ये काडी खुपसून मीटर बघितला आणि म्हणाला, "सहा डिग्री. चालेल." मी चटकन म्हणालो, "लाल वायर मायनसला आहे ना?" सारिकानं मला हाताला धरून गाडीत बसवलं.

परतीच्या वाटेवर कोकोपीटच्या विटा भरल्या होत्या. सूर्य कलायला लागला तेव्हा आम्ही घाट चढायला लागलो. आणि आता पहिल्यांदा तो मीटर ज्याच्यासाठी आणला ते काम करू लागला. चारशे ऐंशी. पाचशे साठ. साडेसहाशे. मी तोंड मिटून बसलो होतो. सारिकाचं लक्ष रस्त्यावर, पण दर वळणाला एक नजर मीटरवर जात होती, हे मी पाहिलं. सातशे. मागे आरशात काळा धूर. तिनं गियर उतरवला, पाय हलका केला. सातशे वीस.

"उतरत का नाही?" ती म्हणाली. मला विचारलं की मीटरला, कळलं नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. सहा वर्षांत गाडीबद्दल मी उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, बऱ्यापैकी आपुलकीनं. मग जागा बघून गाडी थांबवली, इंजिन तसंच चालू ठेवलं, आकडा अडीचशेवर येईपर्यंत वाट पाहिली आणि मला गोरखला फोन लावायला सांगितला. "गोरख, तिसरा गियर, निम्मा लोड, पाय हलका, तरी सातशे वीस."

"आकडा खरा हाय का?" गोरखनं विचारलं.

"आता खरा आहे."

"मंग ताई, हवा कमी पडतीया. एवढ्या लोडला एवढा आकडा येतच न्हाई. हळूहळू या आन सकाळी गाडी हितं लावा."

उरलेला घाट आम्ही दोनदा थांबत चढलो. माझी छाती मात्र गाडीच्या आधी लोणावळ्याला पोचली होती. शेवटी मीटर उपयोगी पडलाच की नाही? जे गोरखच्या कानाला चार महिने सापडलं नाही ते माझ्या काडीनं एका दिवसात पकडलं होतं. दुसऱ्या दिवशीही रजा टाकून मी कामशेतला गेलो. विजयाच्या वेळी माणसानं हजर असावं.

गोरखनं एअर फिल्टर उघडला. फिल्टर स्वच्छ होता. दिवाळीनंतर त्यानंच नवा घातला होता. तो काही वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग केबिनच्या मागे, जिथून इंजिन हवा ओढतं त्या उंच नळीकडे गेला, तिची रबरी बाकदार जोडणी सोडवली आणि आत बोटं घातली. त्यानं जे बाहेर ओढलं ते आधी मला ओळखूच येईना. चपटं, तपकिरी, पापडासारखं कडक. मग त्याच्यामागून एक दोरा येऊ लागला. चांगला हातभर लांब. दोऱ्याला वाळलेल्या पाकळ्या.

"झेंडू," गोरख म्हणाला.

"झेंडू?" सारिका म्हणाली.

"दसऱ्याचा हार दिसतोय. हवेच्या तोंडालाच कुणीतरी बांधलेला. गाडीनं गिळलाय आन हितं बाकात अडाकलाय. निम्मी हवा बंद." त्यानं हात झटकले. "आसा हार बांधणारा शाना कोण, दाजी?"

दसऱ्याला गाडीची पूजा मी केली होती. पुढे हार घातला, मागे हार घातला, एक हार उरला. तो केबिनमागच्या त्या उंच नळीच्या तोंडाला बांधला, कारण तिथे अडकवायला छान जागा होती. दुसऱ्या दिवशी हार नाहीसा झालेला दिसला तेव्हा झुंबरबाईंच्या बकरीनं खाल्ला असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. बकरीला दोन दिवस बांधून ठेवलं होतं बिचारीला.

सारिका माझ्याकडे बघत राहिली. मी मीटरकडे बघत राहिलो. मीटर बंद होता. त्याला तरी कशाला मध्ये घ्यायचं?

त्या आठवड्यात तिनं आणखी चार खेपा केल्या. भरलेला ट्रक, चढता घाट, आकडा पाचशे चाळीस. धूर नाही. चौदा तारखेच्या आत सगळा माल गेला. गटाच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की मीटर चांगला आहे, आता त्याच्याशिवाय घाट चढवत नाही. कुणी बसवला, हेही सांगितलं. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. लोक वळून वळून बघत होते. घरी आलो तेव्हा मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

अंगणात झुंबरबाई आल्या होत्या. त्यांना बकरीचं खरं काय ते कळलं होतं, म्हणून मी जरा आडोशाला थांबलो. त्या ट्रकच्या खिडकीतून आत वाकून आईला विचारत होत्या, "ह्ये यंतर नेमकं कशाचं वं कस्तुराबाई? लय नाव घेत्यात समदी."

"त्ये व्हय?" आई म्हणाली. "मालकानं काय घोळ घालून ठिवलाय, त्ये त्याच्यात आकड्यात दिसतं. बाईमाणसाला आधीच कळतं."

झुंबरबाईंनी खिडकीतून आणखी आत वाकून मीटर निरखला.

"मंग मला बी एक मागवा की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं गाडी न्हाई. पर मालक हायेत."